गुडघा

थंडी पडली की डावा गुडघा बोलायला लागतो.
दुकानात वरच्या फळीवरची साडी काढायला
स्टुलावर पाय ठेवला की कट्ट.
गिऱ्हाईक विचारतं, "पडलासा काय कुठं?"
मी म्हणते, व्हय. गांधी मैदानात.
डी-च्या जरा बाहेर, सव्वीस जानेवारीला.

आमची मॅच सकाळी साडेसातला असायची,
पोरांची फायनल दुपारी चारला.
चारला तालमींचे झेंडे, हलगी,
भिंतीवर, झाडावर अख्खी पेठ.
साडेसातला चुना मारणारा एक माणूस,
दोन कुत्री,
आणि हँडलला किटली लावून थांबलेले आबा चौगुले.
आबा एकच ओरडायचे, "पास दे की गं, बाळ!"
कुणालाही. दोन्ही टीमना.

बूट रणधीरचे, आठ नंबरचे. माझा पाय सहाचा.
पुढं पेपर कोंबायचा.
मॅच संपेपर्यंत घामानं शाई सुटायची,
बोटांवर उलटी अक्षरं.
आई पाय बघून म्हणायची,
"शिकलेले पाय हैत आमच्या पोरीचे."

कपडे बदलायला शमाच्या बापाचा टेंपो.
ताडपत्री सोडली की आत अंधार, कांद्याचा वास,
आणि अकरा जणींची कोपरं.
चड्ड्या पांढऱ्या होत्या.
कुणी ठरवल्या, कुणी विचारलं नाही.
एकदा हाफटाइमला नऊ नंबर उठेचना,
तेव्हा शमानं आम्हाला सगळ्यांना कोपऱ्यातल्या
लाल मातीत बसवलं, चिखल होता तिथं, घसटत घसटत.
"आता वळख म्हणावं, कुणाचा डाग कसला."
घोरपडे सर धावत आले, "हे काय चाललंय?"
शमा म्हणाली, वॉर्मअप.

मला कुणी पाडलं नव्हतं, हे सांगून ठेवते.
बॉल पायाशी होता, मी वळले,
बूट मातीत रुतून राहिला,
आत पाय वळला, बूट नाही.
आवाज झाला. ओली काठी मोडल्यासारखा.
आबांची किटली पडली असं मला वाटलेलं.

सीपीआरमधला डॉक्टर म्हणाला, आतली दोरी तुटलीय.
आत्या म्हणाली, "ऑपरेशन नको. खूण राहती.
उद्या बघायला येणार लोकं."
साडीतला गुडघा बघायला कोण येतंय,
हे मला त्या वेळी सुचलं नाही.
त्याच आठवड्यात रणधीरच्या गाडीची
क्लच वायर तेवढी बदलली.

रनर-अपचे स्टीलचे डबे मिळाले. प्रत्येकीला दोन.
एकात अजून मीठ आहे.

परवा रात्री दीडला स्वयंपाकघरात
आवाज बंद करून मोबाइलवर मॅच बघत होते.
कुठल्या तरी लांबच्या देशाची तीन नंबर,
केसांच्या बारीक वेण्या, पळते कशी, घारीसारखी.
बॉल पायाशी. वळली.
जवळ कुणी नव्हतं.
रेफरीच्या आधी मला कळलं.
पन्नास हजार माणसं गप्प झाली असणार,
मला ऐकू येत नव्हतं.
मी माझाच गुडघा धरून ओट्याला टेकले.

मागं कुठं तरी वाचलं होतं,
बायकांचाच गुडघा जास्त तुटतो म्हणे.
कुणी म्हणतं हाडं, कुणी मैदान,
कुणी म्हणतं बूटच बापयांच्या पायावर बेतलेले.
हे शेवटचं वाचून मी हसले होते.
एका देशात तर पोरींना मैदानच बंद;
टीम परक्या मुलखात राहते, तिथंच सराव करते.
त्यांचा टेंपो कुठला, कोण जाणे.

शमाला फोन लावला. ती आता इचलकरंजीला.
एका रिंगमध्ये उचलला.
"बघितलंस?"
"बघत्येच."
"डावा?"
"डावाच."
मग दोघी गप्प.
तिच्या मागं यंत्रमाग चालूच होते,
खटाक खटाक,
एक धागा तुटेपर्यंत न थांबणारे.