न उकळता

बुडबुडे काल दुपारपासून मंदावलेत.
नळीच्या टोकाशी एक येतो,
मग मी पंखा ऐकतो, कावळा ऐकतो,
पास्कूची स्कूटर चढणीला कण्हताना ऐकतो,
तेव्हा कुठे दुसरा.
वहीत लिहिलं : दिवस सातवा. आज घालायचे.

बुधला न्हाणीघरात, घंगाळात उभा.
अंगाला ओलं गोणपाट,
भोवती बंदरावरच्या कारखान्यातला बर्फ,
ज्यावर एरवी बांगडे निजतात.
बर्फवाला नारू रोज विचारतो,
"मासळी खंय आसा तुमची?"
मी म्हणतो, येतली.

पहिल्या खेपेला सगळे हॉप्स
मी उकळत्या टोपातच लोटले होते.
चौतीस वर्षं इंजिनरूममध्ये काढलेला माणूस;
मला वाटायचं, जे काढायचं
ते तापवूनच निघतं.
निघालाही. कडूपणा.
काडेचिराइतासारखा जिभेच्या मुळाशी बसलेला.
वास तेवढा वाफेबरोबर खिडकीतून गेला,
माडांवरून, उभादांड्याच्या वाळूवरून,
दीपस्तंभापर्यंत पोचला असेल,
माझ्या ग्लासात नव्हता.

वैजूने एकच घोट घेतला,
पदराने तोंड पुसलं,
आणि तिखल्याची आच मंद करत म्हणाली,
"तिरफळां कोण सुरवातीक घालता?"

सुट्टी-सुट्टीला येऊन
इतकी वर्षं मी तिचं तिखलं जेवलो.
तिरफळं ठेचायची, अगदी शेवटी सोडायची,
गॅस बंद, झाकण बंद.
चावायची नाहीत, ताटाच्या कडेला ठेवायची.
कडेला ठेवत आलो.
कधी घातली, कशी घातली,
हे विचारायचं मात्र राहून गेलं.

हॉप्सचं पाकीट लाहौलहून आलंय, स्पीड पोस्टाने.
फ्रीझरमध्ये, सुरमईच्या तुकड्यांखाली,
तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवलं होतं, तिच्या अटीवर.
उघडतो.
हिरवी कागदी बोंडं, बोटांना पिवळी धूळ.
आधी चीक येतो नाकात,
फणस चिरलेल्या कोयत्याला असतो तो.
मग पपनसाची साल.
मग काहीतरी थंड,
बहुतेक तो डोंगर, जो मी पाहिलेला नाही.
समुद्र सगळे पाहिले.

जुन्या पंच्याची पिशवी वैजूने शिवलीय.
बुडावी म्हणून आत
गोटी सोड्याच्या फुटक्या बाटलीतली गोटी, उकळून घेतलेली.
(जाळ्याचं शिसं सुचवलं होतं नारूने.
नारूला अजून बिअर दिलेली नाही.)

झाकण बोटभरच उघडायचं.
हवा लागली तर महिन्याभरात
ओल्या पुठ्ठ्याची चव येते.
चाळीस ग्रॅम. सोडली.
गोटी तळाच्या काचेवर एकदा वाजली,
आणि मग तीन दिवस
मला काहीच करायचं नव्हतं.
ढवळायचं नाही, तापवायचं नाही, व्हॉल्व्ह फिरवायचा नाही.
हे काम मला येत नाही.
पायरीवर बसलो, उठलो,
गोणपाटावर पाणी मारलं, परत बसलो.

चौथ्या दिवशी पास्कूला बोलावलं.
उर्राक हुंगून कुठल्या डोंगरावरचे काजू
ते सांगणारं नाक.
त्याने ग्लास नाकाशी धरला.
धरूनच राहिला.
त्याची बायको फाटकातून हाक मारून गेली, तरी धरून.
शेवटी म्हणाला,
"वास बरो येता रे.
मगे आता पियाचां कित्याक?"

रात्री वैजूने पिशवी धुऊन दोरीवर टाकली.
गोटी धुतली नाही,
तिरफळांच्या डब्यात टाकली.

मी वही काढली :
चाळीस ग्रॅम, तीन दिवस, थंड.
पानाची खालची ओळ मोकळी होती.
तिला विचारलं,
तू तिखल्यात किती घालतेस?

तिने हात पुढे केला.
मूठ.
बंद.