रकाना मोकळा

पोस्टरवर मी लिहिलं होतं: रविवारी अकरा वाजता
मुक्त ढग-संगणन, खुली बैठक,
परभणी, स्टेशन रोड, टायरच्या दुकानावर.
फ्लेक्सवाल्याला जागा पुरेना,
त्यानं 'संगणन' तेवढं खाल्लं.

म्हणून विश्वांभरराव आले.
कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत एकतीस वर्षं
पर्जन्यमापकाशेजारी उभा राहिलेला माणूस.
पिशवीत कापडी बांधणीची वही.
"ढगांचं काय ठरवायलात?"
आम्ही नऊ जण. कुणी हसलं नाही.
खुर्ची दिली.

भिंतीला टेकून तीन डबडी,
बँकेच्या भंगारातून किलोवर आणलेली.
शमीमनं नावं ठेवलेली: पूर्णा, दुधना, करपरा.
एकीनं मान टाकली की तिचं काम
बाकीच्या दोघींनी न सांगता उचलायचं,
असं हे सॉफ्टवेअर.
लिहिणारे कुठकुठले, एकमेकांची तोंडं न पाहिलेले.
सामायिक विहीर म्हणा,
फक्त हिच्या सातबाऱ्यावर नावं वाढत जातात
आणि भांडण लागलं तरी
मोटार कुणी बंद करत नाही.

अकरा वीसला लाईट गेली.
खालचा हवेचा कॉम्प्रेसर धापा टाकत थांबला.
बारा पाचला आली.
पूर्णा उठली, दुधना उठली.
करपराही उठली,
पण तिच्या घड्याळातला सेल मेलेला;
तिच्या लेखी आज एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
दोघी तिला दारात उभं करीनात.

"तिकडं जर्मनीत लाईट जातच नसंल,"
मुंजाजी म्हणाला. मानवतचा,
डिप्लोमा दोनदा हुकलेला, दिवसा इन्व्हर्टर दुरुस्त करतो.
"त्यायला हा खोडा दिसावा कसा?"

तेव्हा विश्वांभररावांनी वही उघडली.
"मापकाची बाटली फुटली होती. आठ दिवस.
साहेब म्हणाले, शून्य लिहून टाका.
नाही लिहिलं.
शून्य ही नोंद असते, पोरांनो:
पाहिलं, आणि पाऊस नव्हता.
पाहिलंच नाही, त्याला रकाना मोकळा सोडायचा."
जुलैचं पान. आठ कोरी घरं,
प्रत्येकाशेजारी सही.

मुंजाजी त्या पानाकडं बघत राहिला.
चहा आला, साय धरली.
मग त्यानं अकरा ओळी लिहिल्या:
घड्याळ शून्यावरून उठलं असेल
तर त्याची तारीख धरू नका,
शेजारणींना विचारा.

सत्तेचाळीस दिवस वाद चालला.
तपासणारी बाई म्हणे हाम्बुर्गची.
विचारायची, असं खरंच होतं का?
मुंजाजीनं पंधरवड्यात लाईट गेल्याच्या वेळा पाठवल्या,
मिनिटांसकट, दोन पानं.
मग तिकडून बरेच दिवस काही नाही.
मग एक शब्द: घेतलं.

मंगळवारी नवी आवृत्ती आली.
हातभार लावणाऱ्यांची यादी, तीनशे अकरा नावं,
इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं.
म्युलर.
त्याच्या लगेच खाली मुंजाजी.
जगात जर्मनी, भारतात परभणी,
पाहुणे आम्हाला चिडवायला म्हणायचे ते
शमीमनं मोठ्यानं वाचून दाखवलं
आणि खालून टायरवाल्यानं ओरडून विचारलं,
"कामून बोंबलायलेत?"

मुंजाजीनं ते पान छापून घेतलं,
सायकलवर विश्वांभररावांकडं नेलं.
बदलाखाली टीप होती:
नियम, परभणीच्या पावसाच्या वहीतून,
विश्वांभर, आणि पुढं नुसती रेघ.
म्हाताऱ्यानं चष्मा पुसला.
"आडनाव?"
"ठाऊक नव्हतं, काका.
म्हणून मोकळं सोडलं."

म्हातारा इतका हसला की ठसका लागला.
मग खिशातलं पेन काढलं,
रेघेवर आडनाव भरलं,
शेजारी सही, तारीख,
आणि सवयीनं वेळसुद्धा.

पुढली बैठक सतरा तारखेला.
आपापली एक्स्टेन्शन आणा, बोर्डाला दोनच पिना.
पोस्टर परत छापायला टाकलंय.
ढग तसाच ठेवते.