साडेतीन तारे

गेम दीड जीबीचा आहे, हे आधीच सांगते.
माझ्या फोनात जागा नव्हती,
म्हणून चुलतभावाच्या हळदीचे सगळे व्हिडिओ उडवले.
त्याला अजून माहीत नाही.

अकरा पोरी आहेत, जपानी.
केस जांभळे, पोपटी,
एकीचे तर उरुसातल्या बर्फगोळ्यासारखे,
वर लाल, खाली जाता जाता पिवळे.
चार गल्ल्यांतून ठिपके उतरतात,
रेघेवर पोचले की बोट मारायचं.
लागलं तर लागलं.
हुकलं तरी पोरगी गात राहते,
फक्त तिच्या मागचा दिवा जरा मंद होतो.

गाण्यातलं अक्षर कळत नाही.
त्याचे मार्क कापलेले नाहीत.
आमच्या बोळात गौरव्वा कानडीत शिव्या घालते,
रहमतबी उर्दूत समजूत काढते,
आणि नळाचं पाणी गेलं की
भांडण आपोआप मिटतं.
शब्द न कळता मान डोलवायची
निपाणीत सगळ्यांनाच सवय.

तक्रार: तिसरी गल्ली.
खरं तर ती माझ्या काचेची.
फोन टाकीवरून पडला तेव्हापासून
तेवढ्या पट्टीत बोट लागत नाही.
तिथले ठिपके मी नुसते जाऊ देते,
ओळखीचं माणूस एसटीतून पुढं गेल्यासारखे.

दुसरी तक्रार जरा मोठी.
शनिवारी कागलला टायपिंगला जाते.
कोगनोळीचा नाका ओलांडला की
ऐन कडव्यात वरून पाटी घसरते,
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे,
आणि दोनशे बाराचा कॉम्बो खलास.
येताना कर्नाटक स्वागत करतं.
दोन्हीकडून इतका मान
आमच्या घरात दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

हिरे साठवून पाकीट फोडायचं असतं.
मला शिओहा पाहिजे होती.
साठ दिवस साठवले,
आली ती पोपटी केसांचीच, सहाव्यांदा.
शिओहाची आई लॉजच्या चादरी धुते.
गोष्टीत तिची खोली दाखवतात,
भिंतीला पंखा,
पंख्याच्या पात्यांवर धूळ काढलेली.
ज्यानं कुणी ती धूळ काढली
त्याला माझ्याकडून एक तारा वेगळा,
तो एकूणात धरू नका.

एकाच कानातलं हेडफोन चालतं,
तेही मधेच बसतं.
तेव्हा समोर आई असते, मांडीवर सूप,
पान, जर्दा, वळण, दोरा,
तिच्या नखाची टिक् टिक् हजारापर्यंत थांबत नाही.
एकदा आवाज बंद करून
तिच्या नखावर अख्खं गाणं वाजवलं, सोपं होतं,
पण लागलं.

परवा तीच म्हणाली, दे बघू.
पदराला बोटं पुसली तरी
काचेवर जर्द्याची पूड उतरली.
पहिले अकरा ठिपके तिनं धरले.
मग सगळे हातातनं गेले, मोहरीसारखे.

"चुकलं की काय करत्यात?"
काही नाही, मिस असं लिहून येतं.
"कापत न्हाईत?"
न्हाई.
"छाट म्हणून फेकत न्हाईत भाईर?"
न्हाई गं.
ती इतकी हसली की सूप हललं.
दारातनं गौरव्वानं विचारलं, एनायतु?
आईनं तिला मराठीतच सांगितलं,
ही बघ, पोरगी असलं काम करालीय
जिथं चेकरच न्हाई.

मग हसू ओसरल्यावर, दोरा दातात धरून,
"आणि ह्या पोरींस्नी किती मिळतंय?"
अगं, चित्रं आहेत ती.
"चित्रं असू देत.
गळा तर कुणाचा हाय न्हवं?"

रात्री गेमच्या पार शेवटी गेले.
बारीक अक्षरांत नावं वर सरकत होती,
शंभर असतील, दोनशे असतील,
कुठं गळा, कुठं पंख्यावरची धूळ,
कळायला मार्ग नव्हता.
थांबवायला बोट ठेवलं,
नेमकं तिसऱ्या गल्लीत.

काच पुसून झाली. पूड गेली, तडा आहे तसा.
म्हणून साडेतीन.
ज्यांचा फोन धड आहे
त्यांनी चार धरावेत.