रकाना सत्तावीस

कोर्टाच्या तळघरात माझं टेबल.
वर जमिनीचे खटले, घटस्फोट, हरणांच्या शिकारीचे परवाने;
खाली मी, आणि जिल्ह्यातले म्हातारे सैनिक.
टोइवो हापाला आला तो मार्चमध्ये,
बुटांचा बर्फ दाराशीच झटकून,
डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली.
"मुलगी म्हणते म्हणून आलो," एवढंच बोलला.

सेवामुक्तीच्या कागदावर
रकाना सत्तावीस: पदके व सन्मान.
पुढे टाइपरायटरनं उठवलेला एकच शब्द, नाही.

मूळ फाइल सेंट लुईसला.
त्र्याहत्तरच्या जुलैत तिथला सहावा मजला जळत राहिला,
लाखो माणसांचा धूर झाला,
आणि जी वाचली ती बंबाच्या पाण्यानं फुगली.
"म्हणजे सरकारच्या लेखी मी कोरियात गेलोच नाही?"
गेलात, मी म्हटलं,
पण ते आता आपणच त्यांना सांगायचं.

मग गोळा करत बसलो.
आईला फिनिशमध्ये लिहिलेलं पत्र,
त्यात जखम नाही, फक्त "खांदा जरा आखडलाय."
कंपनीचा सकाळचा अहवाल: जखमी, मागे धाडला.
डुलुथच्या हॉस्पिटलातला एक्स-रे,
हाडाला लगटून तांदळाएवढे तीन पांढरे ठिपके.
चौतीस वर्षं मेसाबीच्या खाणीत ह्यानं लोखंड उकरलं,
आणि हे एवढंसं कुणाला उकरता आलं नाही.
असं तोच म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

चौदा महिने गेले.
पाकीट आलं तेव्हा तलावावरचा बर्फ फुटत होता.
पर्पल हार्ट.
कोरियाचं सेवापदक, त्यावर दोन तारे.
आणि त्याखाली, मागितलं नव्हतं तरी,
ब्राँझ स्टार, शौर्यासाठी.
आइलीनं, मुलीनं, तोंडावर हात धरला.
मी तर खुर्ची सारून उभीच राहिले.

त्यानं चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
"हे माझं नाही."
"बाबा, कुणाला कळणार आहे?"
"मला कळलंय की."

नख टेकवलं शिपाई-क्रमांकावर.
शेवटचा आकडा सहा हवा, इथे सात.
"सात कोण ते ठाऊक आहे मला.
मिनियापोलिसला भरतीच्या रांगेत आकडे ओळीनं वाटले.
माझ्या मागे एर्लिंग ब्रेक्के, बटाट्याच्या शेतावरचा,
तोंडाचा पट्टा थांबत नव्हता.
फोटोआधी माझा कंगवा मागून घेतला,
तो काही परत दिला नाही.
पुढच्या हिवाळ्यात गेला, असं कानावर आलं."
खिडकीकडे बघत राहिला,
तळघराच्या खिडकीतून दिसतात ते फक्त लोकांचे पाय.

मी सेंट लुईसला फोन लावला.
पलीकडची बाई बराच वेळ गप्प.
"वाढवून द्या म्हणणारे रोज येतात," शेवटी म्हणाली,
"वजाबाकीचं मला विचारावं लागेल."

टोइवोनं दोन अर्ज भरले.
एक स्वतःचा: ब्राँझ स्टार खोडावा.
दुसरा एर्लिंगचा: त्याच्या कागदावर चढवावा.
मी सांगितलं, मृताचा अर्ज आप्तानंच करायचा असतो,
हा तुमच्याकडे परत येईल.
"येऊ दे."
आणि "मृताशी नाते" ह्या रकान्यात
शाळकरी, मोठाल्या, थरथरत्या अक्षरांत लिहिलं:
रांगेत माझ्या मागे.

मी शिक्का मारला.
शाई वाळेपर्यंत तो थांबला,
मग कठडा धरून जिना चढला,
आइली एक पायरी मागे.

टपालाचे पैसे द्यायचे राहिले होते.
दुपारी एकटाच पुन्हा खाली आला,
एक डॉलर चाळीस सेंट, टेबलावर मोजून.