पाण्यात घोडा नाही

घोडा आहे. पाणी आहे.
पाण्यात घोडा नाही.
रात्रीचा दीड, उद्यमनगरातली शेवटची लेथ
कधीच थांबलेली.

सुहेल मुजावरला उठवलं, राजारामपुरी सातवी गल्ली.
म्हणाला, माझ्याकडं दिसतोय की,
शेपटीसकट.
त्याचं कार्ड वेगळं, माझं वेगळं.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.

फोटो पाठवून भागत नाही.
फोटो म्हणजे नुसती कुरकुर.
ट्रेस लागतो: गेमनं कार्डाला घातलेली
प्रत्येक हाक, त्याच क्रमानं,
म्हणजे तिकडं परक्या टेबलावर
माझंच तळं पुन्हा भरेल
आणि माझाच घोडा पुन्हा हरवेल.

एक फ्रेम पकडली. सेकंदाचा साठावा भाग.
उलगडायला पाऊण तास.

आप्पा दुसरी पाळी करून आले,
बाहीवर वाळू, भुवईत वाळू.
तीस वर्षं फाउंड्रीत हातोडीनं कास्टिंग वाजवून बघतात,
आवाज बद्द आला की बाजूला.
बूट न काढताच स्क्रीनसमोर उभे.
घोडं कुठं गेलं?
तेच बघतेय.
मग वाकून, कामावर विचारतात तसं,
कंच्या ओताला बिघडलं?

एवढा नेमका प्रश्न
मला अजून कुणी विचारला नव्हता.

एकेक हाक पुढं सरकवली.
आभाळ. डोंगर. गवत, गवत, बाराशे वेळा गवत.
मग उलटं आभाळ, उलटा डोंगर,
आणि चौदाशे सोळाव्या हाकेला
उलटा घोडा.
आला होता! पाय वर, मान खाली,
आयाळीचा केस न् केस.
सतराव्या हाकेला पाटी कोरी.

म्हंजे ओतलंवतं, आप्पा म्हणाले,
आणि हात धुवायला गेले.

दीड जीबी, मोबाईलच्या नेटवर.
फाइल पहाटेपर्यंत घाट चढत राहिली.
खाली रकाने होते.
काय दिसायला हवं: पाण्यात घोडा.
काय दिसतं: पाणी.
कितीदा घडतं: दरवेळी.
शाळेत निबंधाला मला
पुरवण्या लागायच्या.

सकाळी कोटीतीर्थाच्या कडेला गाडी थांबवली.
काठावर एक म्हैस उभी,
पाण्यात म्हैस.
शिंगं जागच्या जागी, कानावरची माशीसुद्धा.
मागं टेम्पोवाला हॉर्न मारत होता.
मी हलले नाही,
म्हटलं, अजून एक हाक जाऊ दे.