कीप

डंडीहून ऐल्सा आली आहे, गाडीत रिकामी खोकी कोंबून,
चिकट कागदांचे दोन गठ्ठे, एक हिरवा, एक लाल,
आणि एक जाड काळा मार्कर.
हिरव्यावर लिहायचं : कीप.
लालवर काही लिहायची गरज नाही.

आई खिडकीशी. इस्बेल कारगिल, वय एक्याऐंशी.
तिनं सकाळीच पाच कोंबड्या सोडल्यात अंगणात.
कोंबड्या, त्या कीप.
रविवारी ती सुईला हात लावत नाही,
दोरीवर कपडे घालत नाही, ऊन पडलं तरी.
तसा रविवारही कीप.
आणि बहिणीला दिलेला शब्द, ज्याचं कारण आता
दोघींपैकी एकीलाही आठवत नाही, तोही.

इथवर आपलं पाळणे पुरतं.
कोंबडी पाळा, वार पाळा, शब्द पाळा,
तिन्ही एकाच दावणीला.
पण दूध?
दूध पाळता येत नाही. दूध टिकतं, नाहीतर नासतं.
तिच्या भाषेत मात्र दूधही कीप होतं,
आपलं आपण, फ्रिजच्या दारात,
गुरुवारपर्यंत.

नवरा, एक, दिवा राखायचा.
(एक हे नाव. अलेक्झांडरचं या किनाऱ्यावर एवढंच उरतं.)
कीपच्या मागे र लावला की माणूस तयार होतो,
दर चार तासांनी पाळी बदलणारा,
मिशीत रॉकेलचा वास असणारा.
एकोणतीस वर्षं. मग दिव्याला टायमर बसला
आणि क्रियापद घरी आलं, बूट काढून,
स्वयंपाकघरात मध्येच उभं राहिलं.
काय राखू, म्हणालं.
तिनं त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं.
ते घड्याळ अजून वेळ कीप करतं.
आपलं घड्याळ नुसतं चालतं,
वेळ कुठं जाते याची त्याच्यावर जबाबदारी नाही.

ऐल्सा घड्याळावर हिरवा लावते.
किटलीवर हिरवा. तळ गेलेल्या किटलीवर.
‘आई, सगळंच नाही नेता येणार.’
‘मी कुठं काय म्हटलं?’

डॉक्टर जे बोलले होते मार्चमध्ये, दारापाशी, हळू आवाजात,
ते इस्बेलनं एकला सांगितलं नाही. मे उजाडेपर्यंत.
तिच्या बोलीत : तिनं ते त्याच्यापासून कीप केलं.
इथं मी अडकलो.
पाळणे नाही. राखणे नाही. जपणे, जवळजवळ, पण नाही.
आपल्याला लपवलं म्हणावं लागतं,
आणि लपवलं म्हटलं की बाई आरोपीच्या पिंजऱ्यात.
तिच्याकडे तोच शब्द आहे
जो कोंबड्यांना, दिव्याला, रविवारला.
त्यानं ते ओळखलं होतं म्हणे एप्रिलमध्येच,
आणि त्यानंही तिच्यापासून कीप केलं.

फडताळात मागे बिस्किटांचा चौकोनी डबा.
अर्धा एक समुद्राला दिला होता, वारा उलटा असताना;
अर्धा हा.
ऐल्सा डबा हातात घेते. हलका आहे.
दोन्ही गठ्ठ्यांकडे बघते, आणि तो परत ठेवते,
कागद न लावता.
राख राखली आहे,
हे त्या खोलीत कुणालाच ऐकू आलं नाही.
त्यांच्या भाषेत ते दोन वेगळे शब्द आहेत.

पत्र टाकायला आलेला फिनले फटीतून ओरडतो,
‘हाऊ आर यू कीपिंग, मिसेस कारगिल?’
‘कीपिंग,’ ती म्हणते.
काय, कुणाला, कशापासून,
व्याकरणानं मागितलेलं काहीच देत नाही.
तो पुढच्या दाराकडे जातो, समाधानानं.

चारला अंधार. कोंबड्या आत.
हिरवा गठ्ठा संपला, लाल जवळजवळ तेवढाच.
ऐल्सा चहा टाकते. दुधाची बाटली उघडून हुंगते.
गुरुवार काल होता.
पुन्हा हुंगते,
आणि दोन्ही कपांत ओतते.