पडद्यामागून

जिनिंगची पाळी सुटली की देवमन पेंटर
मला पत्र्याच्या खोलीत स्टुलावर बसवतो.
"केसातली रुई झटकू नको, राहू दे."
एक बल्ब माझ्या पाठीमागे,
दुसरा तेलाच्या डब्याच्या पत्र्याआड, कपाळावरून खाली.
नाकाखाली सावलीचं फुलपाखरू बसेपर्यंत
तो शिडीवर, ओठात विझलेली बिडी.

दिवसा भिंतींवर बियाण्याच्या पिशव्या रंगवतो,
हिरवा, पिवळा, खाली फोन नंबर.
रात्री फक्त काळा आणि पांढरा.
"उजेड कमी केला का चेहरा बोलते."
मी बोलत नाही. पायाला मुंग्या,
घरी भाकरी टाकायच्या राहिल्यात.

तेराव्या रात्री त्याने चित्र वळवलं.
कोण ही? पापण्यांना वजन,
केसांतली रुई पेटलेली,
जन्मात गठ्ठा न उचललेले खांदे.
मी पदराला हात पुसले. म्हटलं,
"माहा तीळ डाव्या गालावर हाये,
तुमी उजव्यावर काढला."

"दारव्ह्याच्या जत्रेत तंबूचा टॉकीज ये.
तिकिटाले पैसे नसत. पडद्यामांगून पाहो आमी.
साऱ्या नट्या मले उलट्याच माहीत."
तीळ त्याने पुसला नाही.

भाकरी झाल्यावर आरशात पाहिलं.
चित्रात होता त्याच बाजूला.
आरसा पुसून परत पाहिलं.